बिगारी वाचवला म्हणे!

उभ्याने ऐकू नकोस, खाली बस. खुर्ची नको, फरशीवरच बस. खिशात नाणं असेल तर काढ आणि समोरच्या टाइलवर मधोमध वाजव. आता तिच्याच कोपऱ्यावर वाजव. मध्ये भरीव आणि कोपऱ्याला बद, बरोबर? पुढची वाजव. मग तशीच दारापर्यंत वाजवत जा. मला घाई नाही.

झालं समाधान? आणि परवा फोनवर काय सांगत होतास? "सर, अख्खा हॉल एकट्याने मारला. बिगारी घेतलाच नाही. आपला हात जगन्नाथ!" त्या माणसाने दहा दुकानं पालथी घालून मोरबीची दोन बाय चारची टाइल आणली, आणि तू तिच्या चारही कोपऱ्यांखाली हवा भरून ठेवलीस. उद्या एका कोपऱ्यावर कपाटाचा पाय येईल, टाइल कट्कन जाईल आणि तू म्हणशील मालच कच्चा होता. तुमचं हे नेहमीचं आहे. टाइल कच्ची, सिमेंट जुनं, वाळूत माती. आपला हात तेवढा पक्का.

स्लॅब वाकडा होता हे तर सांगूच नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. अरे, स्लॅब वाकडा असतोच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत इंचभर फरक म्हणजे बिल्डरने उपकारच केले म्हणायचे. तो वाकडेपणा मालात मारायचा, म्हणून तर गवंड्याला बोलावतात. सपाट काचेवर टाइल ठेवायची असती तर घरमालकाने रविवारी बसून स्वतःच ठेवली असती.

आता हिशेब कर. वर्गात हिशेबाला तू नेहमी मागच्या बाकावर, म्हणून मीच करतो. १२ बाय १०ची साधी खोली घे. दोन बाय चारची टाइल आठ चौरस फुटांची, म्हणजे १५ टाइल्स. एक टाइल १५ किलोच्या आसपास. खोक्यातून काढताना उचललीस, कोरडी ठेवून पाहायला उचललीस, खालचा माल बघायला परत उचललीस आणि शेवटी बसवायला उचललीस. चार वेळा. नऊशे किलो झाले, तेही उकिडवं बसून, कंबरेतून वाकून, हात लांब करून. खाली सव्वा इंचाचा माल धरला तर सहा-सातशे किलो आणखी, घमेल्याने कालवून आणून ओतायचा. तुझा हा हॉल त्या खोलीच्या दुप्पट आहे. म्हणजे दिवस मावळेपर्यंत तुझ्या हातातलं बळ कुठे गेलं असेल ते सांगायला वैद्य नको. फरशीच सांगते. खिडकीकडून सुरुवात केलीस ना? तिथे निदान मधला भाग तरी भरीव आहे. दाराकडच्या दोन ओळी मधोमधही बद वाजतात. त्या तू चार वाजल्यानंतर बसवल्यास. मी इथे नव्हतो, तरी वेळ सांगतो की नाही?

बांधकाम कामगारांसाठी केंद्र सरकारने १९९८ साली नियम केले. त्यात एका पुरुषाने मदतीशिवाय किती वजन उचलायचं याची मर्यादा घालून दिली, ५५ किलो. सिमेंटची पिशवी ५० किलोची, म्हणजे कागदावर तू एकट्याने उचलू शकतोस. पण ते एकदा उचलण्याचं झालं. दिवसभर दर पाच मिनिटांनी १५ किलो जमिनीलगत, नखभरही न हलवता अलगद उतरवायचे, हे वजन त्या नियमांत लिहिलेलं नाही. ते गुडघ्यात लिहिलं जातं. पन्नाशीच्या कुठल्याही फरशीवाल्याला जिना चढताना बघ.

बरं, दमलास, समजू शकतो. पण कोपरे पोकळ राहिले ते दमल्यामुळे नव्हे. ते एकटा होतास म्हणून राहिले, आणि हे तुला सकाळी आठ वाजताही टळलं नसतं. मी तुला फळ्यावर काढून दाखवलं होतं, पुन्हा ऐक. अर्धा ओला माल पसरला, पट्टी मारली, टाइल कोरडी ठेवली, रबरी हातोड्याने ठोकली, उचलून बघितली. माल जिथे दबला नाही तिथे भर घातली. इथपर्यंत एक माणूस रडतखडत का होईना करतो. पुढे सिमेंटची रबडी ओतायची. ती ओतली की खालचा कोरडा माल लगेच पाणी प्यायला लागतो. म्हणून टाइल हातात तयार हवी. रबडी पसरली रे पसरली की वरून टाइल. एकाने टाइल पेलून उभं राहायचं आणि दुसऱ्याने डब्याने रबडी ओतून करणीने सारखी करायची. तू काय केलंस? रबडी ओतलीस, करणी ठेवलीस, हात धुतलेस, कारण ओल्या हाताने टाइल निसटते. मग भिंतीला टेकवलेली टाइल आणायला गेलास. आलास तोवर वरचं पाणी खाली गेलेलं आणि रबडीची खीर झालेली. त्यात चार फुटांची टाइल एकट्याने धरली की एक टोक आधी टेकतंच. ते टोक मालात रुततं, उरलेली रबडी दुसऱ्या टोकाकडे पळते, आणि मग तू हातोड्याने ठोक ठोक ठोकतोस. वरून लेव्हल येते, खाली खड्डा राहतो. दोघांनी दोन बाजूंनी धरून दोन्ही टोकं एकदम टेकवली असती तर हातोड्याचे सहा टोले पुरले असते.

उद्या म्हणशील, माल-रबडी जुनं झालं, मी अ‍ॅडहेसिव्ह वापरतो. वापर, चांगलंच आहे. पण पिशवी उलटी करून वाच तरी. पसरल्यावर साधारण २० मिनिटांच्या आत टाइल बसली पाहिजे, असं त्यावर लिहिलेलं असतं. मे महिन्यात, खिडक्यांना काचा नसलेल्या इमारतीत, वारा भणभणत असताना ती २० मिनिटंही पुरी मिळत नाहीत. तू दातेरी करणीने तीन टाइल्सपुरतं एकदम पसरणार, मग एक तुकडा कापायला गॅलरीत जाणार, माप चुकणार, परत येणार, परत जाणार. तेवढ्यात अ‍ॅडहेसिव्हवर साय धरलेली असते. बोट लावून पाहिलं आणि बोटाला काही लागलं नाही, तर ते खरवडून टाकायचं असतं. एकटा माणूस खरवडत नाही. एकट्याला कोणी बघत नसतं ना! बिगारी शेजारी उभा असला तर निदान त्याच्यासमोर लाज वाटते.

ही लाज फार कामाची असते रे. असो.

हां, लेझर. आणलास ना मोठ्या कौतुकाने? दाखवलास मला फोटो पाठवून. लेझर घेतलास ते उत्तम केलंस, मी नावं ठेवणार नाही. आमच्या वेळी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढायचो. एकाने या कोपऱ्यात खुणेवर नळी धरायची, दुसऱ्याने त्या कोपऱ्यात पाणी थांबलं की पेन्सिल मारायची. दोन माणसांशिवाय ते व्हायचंच नाही. लेझरने ते काम एकट्याचं केलं. टाइल उचलायचे रबरी कप आले, कडा बरोबर आणायच्या क्लिपा आल्या. त्यामुळे तुझ्या डोक्यात बसलं की आता दुसरा माणूस फक्त चहा आणायला. पण क्लिप काय करते? दोन टाइलच्या कडा एका पातळीत खेचते. खाली माल नसेल तर कड वर खेचून पोकळी आणखी वाढवते. म्हणून तर तुझ्या या हॉलमध्ये नखाला कुठे कड लागत नाही आणि नाणं मात्र जागोजागी बद वाजतं. वरवर दिसायला पहिला नंबर! घरमालकाने फोटो काढून नातेवाइकांना पाठवलेही असतील.

आणि कापायला बसलास तेव्हा कोण होतं जवळ? गॅलरीत बघून आलोय मी. तो बोर्ड तुझाच ना? वायरीची दोन टोकं सोललेली, प्लग नाही, सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेली. त्याला जोडलेला चार इंची कटर, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेणारा, आणि त्याचं गार्डही काढून ठेवलेलं. पाणी मारून कापलंस तर हातात कटर, पायाखाली पाणी आणि भिंतीवर उघडी वायर. कोरडं कापलंस तर तो पांढरा धुरळा सगळा नाकात. त्या धुरळ्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की बाहेर पडत नाही. सिलिकोसिसवर औषध नाही, हे मी तुला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. बिगारी असता तर त्याने झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली घेऊन पात्यावर धार धरली असती, टाइलचं दुसरं टोक पेललं असतं, आणि काही झालंच तर बटण बंद केलं असतं. सातव्या मजल्यावर, रविवारी, कडी लावून तू एकटा. शॉक लागला असता तर तुला सोडवायला कोण येणार होतं? लेझर?

एकटा जीव सदाशिव, असं मिरवायला ठीक आहे. कटर हातात असताना नाही.

रोजी वाचवली म्हणतोस. दात कोरून पोट भरतं का? आता या टाइल्स काढायच्या म्हणजे निम्म्याहून जास्त फुटणार. नवीन आणायच्या तर त्याच बॅचच्या, त्याच शेडच्या हव्यात. खोक्यावरचा नंबर बघून ठेवला होतास? नाही. खोकी कुठे आहेत? भंगारवाल्याला दिलीस. शाब्बास. दुकानदार म्हणेल, डिझाइन तेच आहे, घ्या. बसवल्यावर दिवसाच्या उजेडात हॉलमध्ये दोन रंग दिसतील. इंजेक्शनने ग्राउट भरू का, असं विचारू नकोस. एखाद-दुसरी टाइल असती तर मीच तसं सांगितलं असतं. जिथे अर्धा हॉल वाजतोय तिथे ती मलमपट्टी म्हणजे घरमालकाच्या डोळ्यांत धूळफेक.

आता उठ आणि बाथरूममध्ये चल. माझं खरं भांडण तिथे आहे.

तो मग भर आणि दाराशी ओत. बघ पाणी कुठे चाललंय. नहाणी ट्रॅप त्या कोपऱ्यात आणि पाणी निघालं उंबरठ्याकडे. घरातली म्हातारी माणसं पहाटे अंधारात इथे पाय ठेवणार आहेत, हे डोक्यात आलं होतं का? हा ढाळ कोणी काढला? बोल की. त्या पोराने काढला. बाथरूमच्या वेळी तुझ्याकडे बिगारी होता. चार बाय सातच्या जागेत दोन माणसं बसली की एकाचं ढोपर दुसऱ्याच्या करणीवर येतं. इथे गवंड्याने एकट्याने बसायचं, शांतपणे, ट्रॅपपासून चारही बाजूंना दोरी ताणून. बिगाऱ्याने दाराबाहेरून माल द्यायचा, बस. आणि नेमक्या त्याच वेळी तू पोराच्या हातात करणी दिलीस, "उतार काढून ठेव" म्हणालास आणि खाली टपरीवर जाऊन बसलास. ग्राउटही त्यानेच भरलं. टाइल बसवून रात्रही उलटली नव्हती, स्पेसर तसेच सांध्यात आणि वर बादलीभर पाण्याने धुऊन काढलं. बघ, नखाने ओढलं तर पावडर निघतेय. पोराची काय चूक? त्याला कोणी सांगितलंच नाही.

म्हणजे दोघांचं काम तू एकट्याने केलंस आणि एकट्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलंस. याला मी आळस म्हणत नाही, कारण तू आळशी नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. ही घमेंड आहे. जिथे लोक बघतात त्या हॉलमध्ये तुला एकट्याला हिरो व्हायचं होतं. जिथे कोणी बघत नाही ती मोरी बिगाऱ्याला.

एकट्याने करायची कामं असतात. मी नाही कुठे म्हणतोय? पहिल्या दिवशी बिगाऱ्याला दहाला बोलवावं आणि आपण आठला येऊन रिकाम्या खोलीत उभं राहावं. कोणी बोलायला नको. खिळा ठोकून त्याला टेपचं टोक अडकवायचं, कर्ण मोजायचे, तीन-चार-पाच फुटांनी काटकोन तपासायचा, कुठल्या भिंतीला तुकडा येतोय ते बघायचं. दारातून शिरल्याबरोबर दिसेल तिथे अख्खी टाइल आणि सोफ्यामागे तुकडा, हा विचार एकाच डोक्याने करायचा असतो. स्कर्टिंग एकट्याचं. दरजा भरणं एकट्याचं. शेवटी नाणं घेऊन फरशी वाजवत फिरणं तर एकट्याचंच, कारण तिथे कोणी "चालतंय की" म्हणणारा नको. यातलं तू या घरात काय काय केलंस? तुकडा तर समोरच दारात आणून ठेवलायस, चार बोटांचा.

आणि बिगारी म्हणजे तुला काय वाटतं? घमेलं उचलणारं यंत्र? चांगला बिगारी सकाळी तीन-चार खोकी एकदम फोडतो, टाइल्स मिसळतो, म्हणजे शेडचा फरक एका ठिकाणी साचत नाही. कोपरा उडालेली बाजूला काढतो, ती कापायला वापरायची असते. मागचा बाण बघून सगळ्या एकाच दिशेने हातात देतो. तू ठोकत असताना पुढच्या टाइलपुरताच माल कालवतो, आधी नाही. सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू होतं, आणि मानक फक्त ३० मिनिटांची हमी देतं, की त्याआधी ते धरायला लागणार नाही. हे सगळं त्याला आपोआप येत नाही, शिकवावं लागतं. शिकवायला तोंड उघडावं लागतं. तू कानात हेडफोन घालून काम करतोस.

आपल्याकडे राजस्थानातून आलेल्या फरशीवाल्यांना बघ कधीतरी. काका-पुतणे, दोघे भाऊ, साडू, असेच येतात. पुतण्या आधी माल कालवतो, मग तुकडे कापतो, मग स्कर्टिंगला बसतो, आणि एक दिवस काका त्याच्याकडे एक खोली सोपवून दुसऱ्या खोलीत निघून जातो. बोलणं फार नसतं. एकाने हात मागे केला की दुसऱ्याने त्यात हवी ती वस्तू ठेवलेली असते. लोक म्हणतात, ते स्वस्तात काम करतात म्हणून त्यांना मिळतं. काही ठिकाणी तसं असेलही. पण मी त्यांची फरशी वाजवून पाहिलीय. आणि तुझीही, आत्ताच.

तू सुद्धा माल कालवूनच वर आलास ना? वर्कशॉपमध्ये पहिले सहा महिने तुला करणीला हात लावू दिला नव्हता म्हणून तू रुसला होतास. शहाबादी फरशी दोघांनी उचलायची, एकट्याने नाही, हा माझा नियम होता. तुम्ही पोरं मला हसायचात, पंचवीस-तीस किलोचा दगड, त्यात काय एवढं. तेव्हा कोणाचं बोट चेचलं नाही, ते त्या नियमामुळे. तुझ्या त्या पोराला काय दिलंस तू? सकाळी नाक्यावरून उचलायचा, संध्याकाळी सोडायचा, आणि हॉलचं काम आलं की "उद्या येऊ नकोस". नाव तरी माहीत आहे का त्याचं? छोटू म्हणून हाक मारत असशील.

आता मी सांगतो ते निमूट करायचं. घरमालकाला आज संध्याकाळी तू स्वतः फोन करायचा, तो विचारायच्या आधी. हॉलमधल्या बद वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने फुल्या मार, सगळ्या काढायच्या. नवीन टाइल्सचे पैसे तुझे. त्याच शेडच्या मिळाल्या नाहीत तर अख्खा हॉल काढायचा, आणि तेही तुझ्याच खिशातून. बाथरूमची फरशी पूर्ण उखडायची, ढाळ तू काढायचास, मग ओतून मला व्हिडिओ पाठवायचास. त्या बोर्डाला उद्याच्या उद्या प्लग लाव आणि कटरला गार्ड. ते होईपर्यंत एक तुकडा कापायचा नाही.

आणि नाक्यावर जाऊन त्या पोराला शोध. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तुझ्यासारखे चारजण त्याला दोन-दोन दिवस वापरून सोडून देतात, म्हणून त्याचे ९० दिवस कुणाच्याच वहीत भरत नाहीत. तुझ्याकडे जितके दिवस भरले तितके लिहून, सही करून त्याच्या हातात दे. हे काम निस्तरेपर्यंत तो रोज तुझ्याबरोबर असेल. त्याची रोजी रोजच्या रोज संध्याकाळी द्यायची, घरमालकाने तुला एक पैसा दिला नाही तरी.